फुएर्तेव्हेंतुराचे विवस्त्र किनारे: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

या बेटावर विवस्त्र किनारा शोधायला निघालात तर बहुतेक ठिकाणी पाटी सापडणार नाही. कुंपण नाही, फाटक नाही, तिकीट नाही. हॉटेलांसमोर छत्र्यांची रांग असते, ती संपते, वाळू मोकळी होते. थोडं चाललं की समोरून येणाऱ्या आजोबांच्या अंगावर टोपीशिवाय काहीच नाही हे लक्षात येतं. म्हणजे पोचलात.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मला महिनाभर एकाच गोष्टीची धास्ती होती, चारचौघांत कपडे काढायचे कसे? त्याला प्रत्यक्षात अर्धं मिनिट लागलं. बाकीचा सगळा दम वाऱ्याने, बसने आणि उन्हाने काढला. त्यामुळे आधी वारा, मग रस्ते, मग किनारे, आणि कपड्यांचं शेवटी.

कधी जायचं

फुएर्तेव्हेंतुरा हे कॅनरी बेटांमधलं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं बेट. मालकी स्पेनची, पण आफ्रिकेचा किनारा जेमतेम १०० किलोमीटरवर. लांबट, कोरडं, बोडकं. डोंगर तांबूस, झाड क्वचित, शेळ्या भरपूर. वर्षभर अंगावर ऊन घेता येईल असं हवामान असल्यामुळे उत्तर युरोपातली माणसं इथे थंडीत येतात आणि वाळूत पसरतात.

वारा मात्र पाचवीला पुजलेला. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे जून ते ऑगस्टमध्ये सगळ्यात जोरात वाहतात. याच दिवसांत दक्षिणेच्या सोताव्हेंतो किनाऱ्यावर विंडसर्फिंगच्या जागतिक स्पर्धा भरतात, यावरून काय ते समजा. शिडाच्या फळीवर उभं राहणाऱ्याला हा वारा हवाहवासा असतो. उघड्या अंगाने वाळूत पडलेल्याला तोच वारा पोटऱ्यांवर सुया टोचत राहतो. नवख्यांनी सप्टेंबर-ऑक्टोबर धरावा. वारा उतरलेला असतो, समुद्र वर्षातला सगळ्यात उबदार, म्हणजे २२-२३ अंशांपर्यंत असतो. हिवाळ्यात पाणी १८-१९ अंशांवर येतं. उन्हात पडून राहायला चालतं, पोहायला मात्र मन घट्ट करावं लागतं.

मधूनच सहाराकडून धूळ येते. तिला तिथे ‘कालिमा’ म्हणतात. आभाळ पिवळट, हवा गरम, घसा कोरडा. त्या दिवशी किनारा सोडा आणि बेतांकुरियासारख्या आतल्या गावात जुनं चर्च बघत बसा.

कागदपत्रांचं थोडक्यात: भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो आणि तो या बेटांवरही चालतो. माद्रिद किंवा बार्सिलोनाहून विमान बदलून जाता येतं. घड्याळ मुख्य भूमीपेक्षा एक तास मागे असतं. परतीच्या दिवशी हे विसरू नका.

राहायचं कुठे: उत्तर की दक्षिण

विमानतळ पूर्व किनाऱ्यावर, पुएर्तो देल रोसारिओ या राजधानीच्या अगदी शेजारी आहे. तिथून उत्तरेला कोरालेहो साधारण ४० किलोमीटर आणि दक्षिणेला मोरो हाब्ले ८० किलोमीटरच्या वर. विवस्त्र किनाऱ्यांचे दोन मोठे पट्टे या दोन टोकांना आहेत. मधे कालेता दे फुस्तेला राहून ‘दोन्हीकडे सारखंच अंतर’ असा हिशेब आम्ही केला होता. तो चुकला. रोज दोन्हीकडे सारखाच उशीर होतो. एक टोक निवडा आणि तिथेच राहा.

गाडी चालवणार नसाल तर माझं मत उत्तरेला. कोरालेहो हे गावासारखं गाव आहे, आणि वाळूच्या टेकड्या गावाच्या वेशीपासून सुरू होतात. पायीसुद्धा जाता येतं. दक्षिणेचा किनारा जास्त लांब, जास्त देखणा, पण कोस्ता काल्मापासून मोरो हाब्लेपर्यंत हॉटेलांची पुंजकी विखुरलेली आहेत. तिथे गाडी असली की सुख.

ग्वाग्वा

कॅनरी बेटांवर बसला ‘ग्वाग्वा’ म्हणतात. हा एक शब्द वापरला तरी चालकाच्या चेहऱ्यावर हसू येतं. बसचा रंग बघत बसू नका, नंबर पाठ करा.

विमानतळावरून ३ नंबर पुएर्तो देल रोसारिओला जाते, उलट दिशेने कालेता दे फुस्तेला. कोरालेहोला जायचं तर राजधानीत उतरून ६ नंबर पकडायची. दक्षिणेला जाणारी १० नंबर विमानतळावरूनच मोरो हाब्लेकडे निघते, पण तिच्या फेऱ्या मोजक्या असतात. ती चुकली तर राजधानीतून १ नंबर. ती गावागावांतून फिरत जाते, वेळ खाते, पण बेट दाखवते. मोरो हाब्ले आणि कोस्ता काल्मा यांच्यामध्ये किनाऱ्यालगत ५ नंबर फिरते. दक्षिणेत बसने फिरणाऱ्यांचा सगळा भार हिच्यावर. कोरालेहोहून पश्चिमेच्या एल कोतिल्योला ८ नंबर.

थांब्यावर नुसतं उभं राहू नका, हात करा. तिकिटाचे पैसे चालकाकडेच द्यायचे, म्हणून सुटे आणि छोट्या नोटा जवळ असू द्या. रविवारी आणि सणाच्या दिवशी फेऱ्या कमी होतात. किनाऱ्यावर उतरल्या उतरल्या परतीच्या वेळेचा फोटो काढून ठेवा. मी तो एकदा काढला नव्हता. मग अंधारात, केसांत वाळू घेऊन, एका हॉटेलच्या स्वागतकक्षात टॅक्सीसाठी विनवण्या केल्या.

गाडी भाड्याने घेणार असाल तर भारतातून निघण्यापूर्वीच आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि मूळ परवानाही सोबत ठेवा. रस्ते उत्तम आहेत. एफव्ही-१ उत्तरेला, एफव्ही-२ दक्षिणेला, एवढं लक्षात ठेवलं की नकाशा जवळपास पाठ होतो. गाडी उजव्या बाजूने चालवायची. तीन गोष्टी मात्र कुणी सांगत नाही. दार उघडताना ते हाताने घट्ट धरायचं, नाहीतर वारा ते बिजागरीच्या पार नेतो आणि तसल्या नुकसानीला विमा लागू होईलच असं नाही. रस्ता सोडून मऊ वाळूत गाडी उभी करायची नाही, कारण ती निघत नाही. आणि गाडीत काहीही ठेवायचं नाही, सीटवर नाही आणि डिकीतही नाही. किनाऱ्यावर माणसं तासन्‌तास गाडीपासून लांब असतात, हे चोरांनाही ठाऊक आहे.

कोणता किनारा

पहिल्या दिवसासाठी कोरालेहोच्या टेकड्याच. हा भाग संरक्षित निसर्गउद्यान आहे. पांढरी वाळू मुख्यतः समुद्री जीवांच्या कवचांचा चुरा आहे, म्हणून ती काळ्या लाव्हाच्या बेटावर परकी वाटते. जुना रस्ता या टेकड्यांमधून जातो आणि वारा वाळू आणून रस्त्यावर टाकत राहतो. वाळूत दोन मोठी जुनी हॉटेलं उभी आहेत, ती खूण धरा. हॉटेलांसमोर बहुतेक लोक कपड्यांत. तिथून पाण्याच्या कडेने दक्षिणेला चालत राहा, जितकं चालाल तितके कपडे कमी होत जातात. या सगळ्या पट्ट्याला ‘ग्रांदेस प्लायास’, म्हणजे मोठे किनारे, म्हणतात. समोर लोबोस हे छोटं बेट आणि त्यामागे लान्सारोते हे शेजारचं मोठं बेट दिसतं.

वाळूत काळ्या दगडांच्या अर्धवर्तुळाकार भिंती दिसतील, गुडघ्याएवढ्या उंच, पाठ वाऱ्याकडे. हे आडोसे. आत झोपलं की वारा डोक्यावरून जातो आणि अचानक उन्हाळा सुरू होतो. आत टॉवेल दिसला तर जागा भरलेली समजा, रिकामा असेल तर खुशाल घ्या. सकाळी लवकर गेलात तर चांगला मिळतो. मात्र दगड गोळा करून नवा आडोसा बांधू नका. उद्यानात दगड हलवणं म्हणजे त्याखालच्या जीवांचं घर मोडणं. वाळू, दगड, शिंपले घरी न्यायचेही नाहीत. कोरालेहोजवळ एका किनाऱ्यावर पॉपकॉर्नसारखे दिसणारे पांढरे खडे पडलेले असतात. ते खरं तर वाळलेल्या चुनखडी शैवालाचे अवशेष आहेत, आणि पर्यटकांनी खिसे भरभरून ते कमी करत आणलेत.

दक्षिणेचा राजा म्हणजे सोताव्हेंतो. या शब्दाचा अर्थ वाऱ्याची आडबाजू. नावावर जाऊ नका. हांदिया द्वीपकल्प मुळाशी अरुंद आहे, आणि वारा तिथून घसरत थेट या किनाऱ्यावर उतरतो. लांबच लांब सोनेरी वाळू, मधे एक खाजण. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीला समुद्र वाळूच्या दांड्यामागे शिरतो आणि उथळ, कोमट पाण्याचं तळं तयार होतं. फारच सुंदर दिसतं, पण पहिल्यांदा जाणारा इथेच फसतो. ओहोटीला कोरड्या वाळूवरून चालत बाहेरच्या दांड्यावर जाऊन पडायचं, डोळा लागायचा, आणि उठल्यावर मागे पाणी. बुडण्याइतकं खोल सहसा नसतं, पण कपडे, फोन, गाडीची किल्ली सगळं डोक्यावर घेऊन, कमरेपर्यंत पाण्यातून, उघड्या अंगाने परतायचं म्हणजे गंमत फक्त बघणाऱ्यांची. भरतीच्या वेळा स्पॅनिशमध्ये ‘मारेआस’ नावाने शोधा आणि निघण्याआधी बघा.

दुसरा धोका कमी दिसतो. इथे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हवेने फुगवलेली गादी किंवा चेंडू पाण्यात गेला तर तो आफ्रिकेच्या वाटेला लागतो. त्याच्यामागे पोहत जायचं नाही. गेला तर गेला.

सोताव्हेंतोपासून मोरो हाब्लेकडे येताना एस्किन्सो आणि बुतिहोंदो लागतात. हॉटेलांच्या मधल्या मोकळ्या जागांत विवस्त्र मंडळी सुखाने पडलेली असतात, आणि ५ नंबरची बस वरच्या रस्त्याने जाते. मोरो हाब्लेच्या दीपस्तंभाजवळचा किनाराही असाच मिश्र आहे. गाडी नसलेल्यांना दक्षिणेत हे सगळ्यात सोयीचं.

पश्चिमेला एल कोतिल्यो. गावाच्या उत्तरेला काळ्या खडकांमध्ये अडकलेली उथळ, शांत पाण्याची छोटी कुंडं आहेत. गर्दीची ज्यांना फार भीती, त्यांनी तिथला एखादा खळगा धरावा. गावाच्या दक्षिणेकडच्या लांब किनाऱ्यावर लाटा मोठ्या असतात, तिथे पडायचं, पोहायचं नाही.

आणि कोफेते. हांदियाच्या डोंगरापलीकडे, वाऱ्याच्या तोंडावर, सुमारे १२ किलोमीटरचा ओसाड किनारा. तिथे तुम्ही कपडे घातलेत की नाही हे बघायला कदाचित कुणीही नसेल. मोरो हाब्लेहून कच्चा रस्ता डोंगर ओलांडून जातो. भाड्याच्या गाड्यांचा विमा कच्च्या रस्त्यावर बहुधा लागू नसतो, करार वाचा. मोरो हाब्लेहून एक उंच चाकांची ग्वाग्वा तिकडे जाते, तिनेच जाणं शहाणपणाचं. पाण्यात मात्र घोट्यापलीकडे उतरू नका. ओढ प्रचंड आहे आणि मदतीला कुणी नाही. कोफेते बघायचा किनारा आहे.

कायदा आणि रीत

स्पेनमध्ये ‘सार्वजनिक शरमेचा’ जुना गुन्हा १९८८ मध्ये फौजदारी कायद्यातून काढून टाकला गेला. नुसतं विवस्त्र असणं गुन्हा राहिला नाही. पण नगरपालिका आपापले नियम करू शकतात, आणि मुलांसमोर अश्लील चाळे केल्यास आजही शिक्षा होते. व्यवहारात अर्थ एवढाच: वाळूवर आणि पाण्यात चालतं, रस्त्यावर, दुकानात, उपाहारगृहात, बसथांब्यावर चालत नाही. हॉटेलच्या तलावातही नाही. किनाऱ्यावरून हॉटेलकडे वळण्याआधी अंगावर काहीतरी येतं. यासाठी एक पातळ सुती कापड, तिकडे ज्याला ‘पारेओ’ म्हणतात, सगळ्यात कामाचं. पंचा असेल तरी चालेल.

नॅचरिस्ट, म्हणजे आवडीने विवस्त्र राहणारी मंडळी, कपडे घालणाऱ्यांना ‘टेक्स्टाइल’, म्हणजे कापडवाले, म्हणतात. चेष्टेने, तुच्छतेने नव्हे. या बेटावर दोन्ही गट एकाच वाळूवर शेजारीशेजारी असतात आणि तुमच्यावर काढण्याची सक्ती कुणी करत नाही. नवरा-बायकोपैकी एकाने काढले आणि दुसऱ्याने नाही, तरी कुणी वळून बघत नाही. माझ्या नवऱ्याने पहिले दोन दिवस चड्डी सोडली नाही. तिसऱ्या दिवशी ओली चड्डी वाळूने घासायला लागली, तेव्हा तत्त्वं गळून पडली.

पहिला अर्धा तास असा घालवा. जागा निवडा, शेजाऱ्यांपासून भरपूर अंतर ठेवून. रिकाम्या किनाऱ्यावर कुणाला खेटून टॉवेल टाकणं हा इथला सगळ्यात मोठा असभ्यपणा आहे, आणि एकट्या पुरुषांनी एकट्या बाईच्या किंवा कुटुंबाच्या बाबतीत हे दुप्पट पाळावं. टॉवेल अंथरा, चारी कोपऱ्यांवर चपला आणि पाण्याच्या बाटल्या ठेवा. आधी सनस्क्रीन लावा, कपडे असतानाच, म्हणजे वाळू चिकटत नाही आणि हातांना काम मिळतं. मग काढा आणि थेट पिशवीत कोंबा. वर ठेवलेला शर्ट वारा नेतो, आणि उघड्या अंगाने शर्टामागे धावत जाणं हा लक्ष वेधण्याचा खात्रीचा उपाय आहे. मग सरळ पाण्यात जाऊन या. परत येईपर्यंत मन शांत झालेलं असतं.

बसायचं ते नेहमी स्वतःच्या टॉवेलवर, भाड्याच्या आरामखुर्चीवरसुद्धा. टक लावून बघायचं नाही. दृष्टी पडणारच, ती पुढे सरकू द्यायची. फोन पिशवीत. समुद्राचा फोटो काढायचा असला तरी फोन उचलण्याआधी चौकटीत कोण येतं ते बघा, कारण लांबून तुमचा हेतू कुणाला दिसत नाही. पुरुषांना सतावणारा न विचारलेला प्रश्न: शरीराने भलताच प्रतिसाद दिला तर? पोटावर पालथं व्हा किंवा पाण्यात जा. अटलांटिकचं पाणी दोन मिनिटांत निकाल लावतं. जोडप्यांनी लाडीगोडी खोलीवर ठेवावी.

टेकड्यांच्या आत, पाण्यापासून दूर, काही पुरुष उगाच उभे किंवा भटकत दिसले तर तिकडे जाऊ नका. एकटी बाई असाल तर पाण्याच्या कडेला, कुटुंबं आणि वयस्कर जोडपी दिसतील तिथे जागा धरा. कुणी येऊन रेंगाळलं तर मोठ्याने ‘नो, ग्रासिआस’ म्हणा, आजूबाजूचे लगेच मान वर करतात. मला एकदाच म्हणावं लागलं. शेजारच्या जर्मन आजी उठून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, अंगावर फक्त चष्मा. तो गृहस्थ दिसेनासा झाला.

ऊन आणि पाणी

सावळ्या कातडीला ऊन लागत नाही, हा गैरसमज घरीच ठेवा. ज्या अवयवांनी जन्मात ऊन पाहिलेलं नाही, ते तासाभरात भाजतात, आणि मग दोन दिवस बसता येत नाही. वारा गार असल्यामुळे भाजतंय हे कळतच नाही. एसपीएफ ५० घ्या, दर दोन तासांनी आणि प्रत्येक डुबकीनंतर पुन्हा लावा. नितंब, छाती, पायांचा वरचा भाग यांना दुप्पट. पहिल्या दिवशी दुपारी १२ ते ४ सावलीत. झाडं नाहीत, म्हणून छत्री लागते, पण साधी छत्री वारा उलटी करतो. वाळूत खोल रुतणारी किंवा छोटा तंबू घ्या.

पाणी माणशी दोन लिटर. टेकड्यांकडच्या लांब पट्ट्यावर दुकान नाही. चपला पायातच ठेवा, दुपारची वाळू आणि लाव्हाचे खडक दोन्ही पाय सोडत नाहीत.

हिरवा झेंडा पोहा, पिवळा जपून, लाल अजिबात नाही. पण लक्षात घ्या, झेंडे आणि जीवरक्षक हॉटेलांसमोर असतात, आणि विवस्त्र पट्टे नेमके त्यापलीकडे. म्हणून तिकडे छातीभर पाण्यापुढे जाऊ नका. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजत न बसता किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ सुटली की आत वळा. आणीबाणीचा नंबर ११२.

खडकांत पट्टेरी खारी येतील आणि हात पसरतील. त्या मूळच्या इथल्या नाहीत, १९६० च्या दशकात आफ्रिकेतून आणल्या गेल्या आणि फोफावल्या. खायला घालू नका. उघड्या बोटांना चावतात, आणि तुमची तर बोटंच काय, सगळंच उघडं आहे.

परतताना

शेवटच्या बसच्या तासभर आधी आवरायला लागा. वाळू कोरडी होईपर्यंत थांबा, ओली झटकली जात नाही. लहान मुलांची पावडर चोळली की चिकटलेली वाळूही सुटते, ही युक्ती एका वेल्श जोडप्याने शिकवली. कपडे टेकडी चढण्याआधी घाला, रस्ता पलीकडेच असतो आणि वर पोचल्यावर चालक आणि प्रवासी तुम्हाला आधी बघतात. ओल्या अंगाने बसमध्ये बसू नका. आणि थांब्यावर पोचलात की पुन्हा एकदा, हात करा.